शब्द हवा : जपानी तलवारीवरची सही, मुद्रा की निशाणी?

ओसरी : गावात माजी सैनिकांच्या वस्तूंचं छोटं प्रदर्शन आहे. पाट्या मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मराठा लाइट इन्फन्ट्रीतल्या एका आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली जपानी अधिकाऱ्याची तलवार त्यात आहे. बांबूची खुंटी काढून मूठ ओढली की आतल्या लोखंडावर कोरलेली अक्षरं दिसतात. इंग्रजी पाटीवर 'साइन्ड टँग' आहे. मी लिहिलं, 'शेपटावर लोहाराची स्वाक्षरी'. समितीतले एक काका म्हणाले, तलवारीला शेपूट नसतं आणि लोहार स्वाक्षरी करत नाही. दोन्हींना शब्द सुचवा.

मुसळ : शेपूट अगदी बरोबर. आमच्याकडे विळ्याचं मुठीत जाणारं टोक म्हणजे शेपूटच. काकांनी विळा कधी हातात धरला नसावा.

दौत : 'दस्तखत' घ्या. दस्त म्हणजे हात, खत म्हणजे लिहिणं. 'सही' आली अरबी 'सहीह'वरून, म्हणजे 'बरोबर आहे' असा शेरा. लोहार शेरा मारतोय का?

शब्दव्रती : दस्तखत फारसी, सही अरबी. 'नामांकन' का नको?

मुसळ : वाचणाऱ्याला वाटेल लोहार निवडणुकीला उभा आहे.

शब्दव्रती : बरं, 'नाममुद्रा'.

कातळ : मुद्रा म्हणजे दाबून उठवलेला ठसा. हे छिन्नीने एकेक घाव घालून कोरलेलं असतं, जपानी शब्द 'मेइ'. ठसे त्याच शेपटावर निराळे असतात, म्हणून दोन शब्द लागतीलच. 'शोवा' किंवा 'सेकी'चा बारका ठसा असेल तर पातं बहुधा जुन्या रीतीने घडवलेलं नाही. तारा असेल तर लष्कराने मान्यता दिलेल्या लोहाराचं. नांगर नौदलाचा. ओसरी, काय काय दिसतंय?

ओसरी : जपानी येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी वाचलं, 'नोशू सेकी जू काने… साकू'. पुढचं अक्षर गंजात गेलंय. वर सेकीचा ठसा आहे. मागच्या बाजूला 'शोवा १८, आठवा महिना'. काका म्हणतात, १९१८ लिहा.

कातळ : नको! शकात आपण ७८ मिळवतो तसे शोवात १९२५ मिळवा. ऑगस्ट १९४३. जपानी आकडे असेच फसवतात. हवालदार-नाईकांच्या दर्जाच्या जपान्यांच्या तलवारीला 'प्रकार ९५' म्हणतात, ती १८९५ची नव्हे, त्यांच्या राजशकाच्या २५९५ची, म्हणजे १९३५ची. 'नोशू' म्हणजे मिनो प्रांत, 'जू' म्हणजे राहणार, 'साकू' म्हणजे घडवली.

मुसळ : थोडक्यात, मु. पो. सेकी.

कातळ : हसा, पण तेच आहे. सेकी हे गिफूतलं पाती घडवणारं जुनं गाव आणि 'काने' हा तिथल्या लोहारांच्या नावाचा ठरलेला पहिला तुकडा. आता खरी गोम. युद्धात मागणी इतकी वाढली की सेकीच्या पुष्कळ पात्यांवर लोहार स्वतः नाव कोरतच नसे, नावं कोरणारे कारागीर वेगळे. म्हणजे स्वाक्षरीतला 'स्व' गेला आणि दस्तखतातला 'दस्त'ही.

दौत : वा! मग आपल्या जुन्या कागदांतली सोय वापरा. ज्याला लिहिता येत नसे त्याचं नाव दुसराच लिही आणि पुढे 'निशाणी नांगर' काढी. ज्याची निशाणी त्याचाच दस्तऐवज, अक्षर कुणाचं का असेना. 'लोहाराची निशाणी' लिहा.

शब्दव्रती : 'निशाणी' फारसी.

दौत : 'कागद'ही. सोडता?

ओसरी : नौदलाच्या ठशाला मी माहितीच्या फलकावर 'नांगराचा ठसा' लिहिलं होतं. काकांनी विचारलं, जपानी नौदलात शेती कधीपासून?

मुसळ : 'जहाजाचा नांगर' लिहा, प्रश्न मिटला. आणि फोटोसाठी शेपूट चिंच-मीठ लावून चकचकीत करा, गंजात गेलेलं अक्षरही दिसेल.

कातळ : अजिबात नको! त्या गंजाच्या रंगावरूनच पात्याचं वय जोखतात. तो एकदा घासला की जाणकार त्या पात्याकडे पाहतही नाहीत.

मुसळ : बरं, गंज ठेवला. तलवार परजू तरी द्याल ना?

दौत : परजणे म्हणजे धार लावणे नव्हे, फिरवणे. 'परज' म्हणजे मूठ, त्यावरूनच आला असावा.

मुसळ : आमची आजी विळा परजून ठेवायची. अंगणात गरगर फिरवत बसायची का?

दौत : ते पाजळणे. पाजवणेही म्हणतात. तुमच्या घरात दोन्हींची गल्लत झालीय.

मुसळ : आमच्या घरात गल्लत? चार पिढ्या शेती आहे!

शब्दव्रती : दोन्ही अर्थ चालू शकतात.

दौत, मुसळ : नाही.

ओसरी : पाट्या उद्या छापायला जाताहेत. काकांनी परस्पर 'जपानी बनावटीची तलवार' एवढंच लिहून दिलंय.

मुसळ : काकांना एवढं विचारा, परजणे म्हणजे काय.