सप्तवार्षिक युद्ध: सायलेशिया, सायलेशिया काय लावलंय?

खडूस वाचक
परवा इथेच एकाने लिहिलं, "सप्तवार्षिक युद्ध म्हणजे प्रशियाचा राजा फ्रेडरिक आणि ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा यांचं सायलेशिया प्रांतावरून जुंपलेलं भांडण. बाकीचे उगाच ओढले गेले. भारताशी तर काडीचाही संबंध नाही." खाली धडाधड +१ पडले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

फ्रेडरिक सॅक्सनीत घुसला ऑगस्ट १७५६ मध्ये. त्याआधी दोन वर्षं अमेरिकेत ओहायोच्या खोऱ्यात इंग्रज-फ्रेंच एकमेकांच्या नरडीला लागलेले होते. मे १७५४ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन नावाच्या २२ वर्षांच्या पोराने जंगलात एका फ्रेंच तुकडीवर छापा घातला. त्यात जुमोनव्हिल हा अधिकारी मेला. जुलैत वॉशिंग्टनवरच शरणागतीच्या कागदावर सही करायची वेळ आली, आणि कागद फ्रेंचमध्ये. जुमोनव्हिलचा 'खून' केल्याची कबुली त्यातच होती, साहेबांना वाचताच आली नाही! पुढच्या वर्षी इंग्रज सेनापती ब्रॅडॉकची फौज तिथेच कापली गेली. हे सगळं युद्ध 'जाहीर' व्हायच्या आधी.

खरं भांडण समुद्र आणि व्यापाराचं. १७५६ मध्ये ऑस्ट्रिया फ्रान्सच्या गळ्यात पडली आणि इंग्लंडने प्रशियाला जवळ केलं, ही नुसती सोयरीक बदलली.

पॉट्सडॅमकर
ते वाक्य माझंच. नाव घ्यायलाही हरकत नव्हती.

ओहायोत माणसं मेली किती हो? कुनर्सडॉर्फच्या लढाईत १२ ऑगस्ट १७५९ या एका दिवसात फ्रेडरिकची १९,००० च्या आसपास माणसं कामी आली, जखमी-बेपत्ता धरून. जानेवारी १७६२ मध्ये रशियाची एलिझाबेथ मेली आणि गादीवर आलेला तिसरा पीटर फ्रेडरिकचा भक्त निघाला, म्हणून प्रशिया वाचला. मी आठ वर्षं पॉट्सडॅमला राहतोय. इथल्या सांसुसी राजवाड्यात फ्रेडरिकच्या कबरीवर साधी सपाट शिळा आहे आणि लोक फुलांबरोबर बटाटे ठेवतात. बटाटा लावा म्हणून त्याने फर्मान काढलं ते १७५६ मध्येच. आमच्या कन्येने पिशवीतले दोन ठेवले, रात्री भाजीला कमी पडले. ही आठवण इथल्या मातीत आहे, ओहायोत नाही.

खडूस वाचक
बटाट्यावरून युद्धाचं कारण ठरवायचं असेल तर वडापाववाल्यांना विचारू.

डेकवरचा
दोघंही जमिनीवर भांडताय. २० नोव्हेंबर १७५९, फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा कीबेरॉनचा उपसागर. वादळात, खडकाळ किनाऱ्यालगत इंग्रज ॲडमिरल हॉक फ्रेंच आरमाराच्या मागे आत शिरला. मी बावीस वर्षं जहाजावर काढली आहेत, तसल्या हवेत कुठलाही शहाणा कॅप्टन बाहेर थांबेल. फ्रेंच आरमार तिथेच मोडलं. मग कॅनडाला किंवा पाँडिचेरीला कुमक पाठवणार कशातून?

आणि इंग्रज ॲडमिरल बिंगचं कुणीच काढलं नाही! अपुरी माणसं, नादुरुस्त जहाजं देऊन मिनोर्का वाचवायला पाठवला आणि बेट गेल्यावर मार्च १७५७ मध्ये त्यालाच डेकवर गोळ्या घातल्या. पाठवणारे नामानिराळे. आमच्याकडे आजही तेच. पंपाचा सुटा भाग मी तीन पत्रं लिहून मागितला होता. कंपनीने दिला नाही, इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, आणि चौकशी कुणाची? माझी.

वाघोटनची खाडी
"भारताशी काडीचाही संबंध नाही" म्हणणाऱ्यांनी फेब्रुवारी १७५६ आठवावं. विजयदुर्गावर समुद्रातून इंग्रज ॲडमिरल वॉटसन, जमिनीवर क्लाइव्ह आणि मागे पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्र्यांचं अख्खं आरमार जळालं. पुढच्या जानेवारीत हेच दोघे कलकत्त्यात, मार्चमध्ये फ्रेंचांचं चंद्रनगर, जूनमध्ये प्लासी. क्लाइव्ह मुंबईत आला होता तोच दख्खनच्या फ्रेंचांवर चालून जायला. तह आड आला, म्हणून हातची फौज आंग्र्यांवर वळवली. आजोबा गिर्येजवळची खडकात खोदलेली गोदी दाखवायचे, म्हणायचे, "हंयच आमचा समुद्रावरचा राज्य बुडाला." बुडवलं कुणी? नानासाहेबांनी.

कोथरूडचा कट्टा
आलं! कुठलाही धागा असो, शेवटी पेशव्यांवर. तुळाजी काय संत होता? वसूल देत नव्हता, पेशव्यांच्याच मुलखात लुटालूट करत होता. भाऊ मानाजीसुद्धा त्याच्या बाजूला नव्हता.

वाघोटनची खाडी
घरातल्या भांडणाला बाहेरचा गुंड आणतात का? आणि मिळालं काय? किल्ला पेशव्यांना द्यायचा ठरलेला. इंग्रजांनी लूट आपसात वाटून घेतली, महिनोन्महिने किल्ला दाबून बसले, बाणकोट पदरात पडल्यावर हलले. तुमच्या कोथरूडला समुद्र नाही, तुम्हाला काय कळणार.

कोथरूडचा कट्टा
समुद्र असून तुम्ही काय दिवे लावलेत? होमस्टे?

संपादक
व्यक्तिगत होऊ नका. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

गारदी
नानासाहेबांचं दुसरं खातंही बघा. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने आपला सरदार बुसी याला हैदराबादेतून मद्रासकडे बोलावलं, तिथे निजाम उघडा पडला. बुसीच्या तालमीतला इब्राहिमखान मराठ्यांकडे आला आणि १७६० मध्ये उदगीरला त्याच्याच तोफांनी निजामाला गुडघे टेकायला लावले. म्हणजे या युद्धाचा फायदाही आपण खाल्लाय. पुढे तोच इब्राहिमखान पानिपतात. १४ जानेवारी १७६१ ला आपण बुडालो आणि दोनच दिवसांनी पाँडिचेरी इंग्रजांच्या हातात गेली. एका आठवड्यात त्यांचे दोन प्रतिस्पर्धी आडवे, एकासाठी तर गोळीही झाडावी लागली नाही.

कोथरूडचा कट्टा
हे मात्र मान्य. आरमाराबाबतही नानासाहेब चुकले असं म्हणतो, पण वाघोटनवाल्यांनी विचारलं म्हणून नाही.

खडूस वाचक
माझा धागा कुठे नेलात! परिणामांवर कुणीच बोललं नाही. इंग्लंडचं कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं, ते १७६३ पर्यंत १३ कोटींच्या वर गेलं. वसुलीला १७६५ चा स्टँप कर अमेरिकनांवर लादला आणि जिंकलेली अमेरिका वीस वर्षांत गेली. सायलेशिया? आधी प्रशियाकडे होता, प्रशियाकडेच राहिला. सात वर्षं मारामारी करून सीमा होती तिथेच.

पॉट्सडॅमकर
सीमा तिथेच राहिली म्हणजे कारण खोटं ठरत नाही. पण भारताबाबतचं वाक्य मागे घेतो. 'काडीचाही संबंध नाही' ऐवजी 'विजयदुर्गात काडी पडली' असं वाचावं. झालं समाधान?

वाघोटनची खाडी
काडी नव्हे, फुटणारा कुलपी गोळा. आणि तो पडला 'रिस्टोरेशन' जहाजावर, जे आंग्र्यांनी इंग्रजांकडूनच पळवलेलं होतं.