सहा वर्षं फोटो काढतोय, पण आता माझे फोटो माझे वाटतच नाहीत. काय करू?

कृष्णाकाठ_२९
नमस्कार मंडळी. मी मिरजेचा, नोकरी सांगलीत, फोटोग्राफी फक्त रविवारी आणि सुट्टीला. सहा वर्षांपूर्वी सेकंडहँड डीएसएलआर घेतला, किट लेन्स होतीच, मग 50 एमएमची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घेतली. तेव्हापासून जिथे जिथे लोक जातात तिथे तिथे मी पण गेलोय, कासला तीनदा, कोकणकडा, नाणेघाट, वारीत दोन वर्षं दिवेघाटात पहाटेपासून जागा धरून बसलो. फोटो चांगले येतात, लाइक्स पण येतात.

मागच्या महिन्यात हार्ड डिस्क साफ करत होतो. दिवेघाटाच्या फोल्डरमध्ये माझे आणि सोबत आलेल्या मित्राचे फोटो एकत्र पडले होते, आणि खरं सांगतो, त्यातला कुठला मी काढलाय ते मला ओळखता येईना. तीच वळणाची रांग, त्याच पताका, वरचा ढग पण तोच. त्या दिवसापासून कॅमेरा कपाटात आहे. काढायला हात लावला की वाटतं हे आधी कुणीतरी काढून झालंय.

70-200 ची लांबचं टिपणारी झूम लेन्स घ्यायचा विचार चाललाय, एक वर्कशॉप पण बघून ठेवलंय, किंवा मग पैसे साठवून सरळ लडाख. तुम्हाला असं झालं होतं का आणि त्यातून बाहेर कसे आलात? टेक्निकल नका सांगू, एक्स्पोजर वगैरे येतं मला, अडकलंय ते दुसरीकडेच.

घाटवाट
भावा जा लडाखला. मला दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, स्पितीला गेलो आठ दिवस आणि डोकं साफ झालं. जागा बदलली की नजर बदलते, माझा तरी अनुभव हाच. लेन्स मात्र आत्ता घेऊ नको.

जुना_रोल
घाटवाट, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण या मुलाला मी वेगळं सांगेन. मी कोल्हापूरचा, वय 64, आयुष्यभर लग्नं आणि पेपरसाठी फोटो काढले. तुझा धागा दोनदा वाचला बाळा, कारण दिवेघाटाचं जे लिहिलंयस ते सहा वर्षांत कळलं ही चांगली गोष्ट आहे, मला कळायला पंधरा वर्षं गेली.

आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईला जे.जे.त शिकलेला माणूस, शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार, आणि परत आल्यावर आयुष्यभर जास्त करून काय रंगवलं तर कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ. म्हणजे घरापासून चालत जाता येईल एवढंच. तेच पाणी, तीच झाडं, सकाळचं वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं. मी तरुणपणी रंकाळ्यावर फोटो काढायला जायचो तेव्हा हे डोक्यात नव्हतं, नंतर त्यांची चित्रं नीट बघितली आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानी तिथे जाऊन बसलो, पाण्यावरचा उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो हे मला त्या दिवशी दिसलं, तोवर मी फक्त सनसेटची वाट बघायचो.

आता तुझ्याकडे ये. तू मिरजेत राहतोस ना? सतार आणि तानपुरा करणारी घरं तुझ्या गावात पिढ्यानपिढ्या आहेत, 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात किती छापून आलं. देशभरातले गवई तानपुरा घ्यायला तुझ्या गावात येतात. तिथे तू किती वेळा गेलायस? एकदा जाऊन ओळीत टांगलेले भोपळे काढून आलास तर ते दिवेघाटच झालं. मी म्हणतोय एकाच कारखान्यात वर्षभर, दर रविवारी, एकच लेन्स, तुझी ती 50. पहिले दोन रविवार कॅमेरा पिशवीतच ठेव, लोकांना तुझी सवय होऊ दे.

आणि एक, रोलच्या काळात आमच्याकडे 36 फ्रेम असायच्या आणि धुऊन झालं की सगळ्यांचा एका कागदावर छोटा छोटा कॉन्टॅक्ट प्रिंट यायचा. चुकलेल्या फ्रेम पण समोर दिसायच्या, आधीची आणि नंतरची पण, त्यातून कळायचं की आपण कुठे एक पाऊल पुढे जायला घाबरलो. तू डिलीट करतोस का जागेवरच? करू नको. महिनाभराचे सगळे छोटे छोटे एका शीटवर छापून भिंतीला लाव.

सानपाडा_सिक्स
काकांना +१. सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं काम बघ. त्याच माणसांकडे परत परत जाऊन झालेलं काम आहे ते, एका दिवसात गटारात उतरून फोटो काढून आले असं नाही. फोटोतली माणसं त्यांना ओळखतात हे आपल्याला बघतानाच कळतं.

अनघा_ठाणे
मी सहसा लिहीत नाही इथे पण कपाटातला कॅमेरा वाचून राहवलं नाही.

माझ्या सासूबाई पडल्या आणि चौदा महिने अंथरुणावर होत्या. मी नोकरी सोडून घरी होते. आधी मी दर शनिवारी सीएसटी, भाऊचा धक्का, क्रॉफर्ड मार्केट असं फिरून रस्त्यावरचे फोटो काढायचे, ते सगळं बंद. चिडचिड व्हायची. मग एकदा कुठेतरी जोसेफ सुदेकचे फोटो बघितले, प्रागचा फोटोग्राफर, पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता, आणि 1940 पासून 1954 पर्यंत तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला, काचेवरचं दव, बाहेरचं वाकडं झाड, खिडकीत ठेवलेला ग्लास. चौदा वर्षं एक खिडकी! मी त्या रात्री झोपले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीची खिडकी, सासूबाईंची औषधांची ट्रे, त्यांचा चष्मा, त्यांचे हात. त्यांची परवानगी विचारली होती आधी, त्या म्हणाल्या काढ पण केस विंचरून दे. मग रोज केस विंचरणं हाच आमचा कार्यक्रम झाला आणि त्यातलेच सगळ्यात चांगले फोटो निघाले. दर महिन्याला चार बाय सहाचे स्वस्तातले प्रिंट काढून आणायचे, त्यांच्या पलंगावर पसरायचे आणि दोघी मिळून निवडायचो. एक फोटो बघून त्या म्हणाल्या, हा हात माझा नाही गं, माझ्या आईचा आहे. तो फोटो मी बाजूला काढून टाकला होता, हात थोडा हललाय म्हणून.

शेवटी साडेतीन हजारांतून बावीस ठेवले. निवडताना जे रडू आलं ते काढताना कधी आलं नव्हतं. त्या आता नाहीत. ते बावीस कुणाच्याही फोटोंमध्ये मिसळले तरी मी अंधारात ओळखेन.

मुंबईला आलास तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या पिरामल गॅलरीत एक चक्कर टाक, खास फोटोंसाठी आहे ती. मोबाईलवर अंगठ्याने सरकवलेला फोटो आणि भिंतीवरचा प्रिंट यात फार फरक पडतो, एकेका प्रिंटसमोर दोन मिनिटं तरी उभा राहा.

घाटवाट
अनघाताई, वाचून गप्प झालो. माझ्या स्पितीच्या फोल्डरमध्ये तसा एकही नाहीये. लडाखचा सल्ला मागे घेतो.

कृष्णाकाठ_२९
उशिरा लिहितोय, महिना झाला. काका, तुम्ही म्हणालात तसं केलं. पहिल्या रविवारी कॅमेरा न काढता बसलो, चहा झाला. तिथले चाचा म्हणाले, फोटोवाले येतात खूप, भोपळ्याचा काढतात आणि जातात. मला इतकं लागलं ते, कारण मीही आत शिरल्या शिरल्या भोपळेच बघितले होते.

दुसऱ्या रविवारी ते जवारी काढत होते. मला माहीतच नव्हतं काय असतं ते, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा भाग कानसीने अगदी थोडा थोडा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. तासभर चाललं असेल. आणि चाचा हाताकडे बघतच नव्हते, मान एका बाजूला, डोळे भिंतीवर, म्हणजे सगळं लक्ष कानात. तेव्हा पहिल्यांदा कॅमेरा काढावासा वाटला आणि काढला नाही, दोन रविवार ठरलं होतं म्हणून.

त्यानंतर दोन रविवार काढतोय. मला ते ऐकणं काढायचंय. हातांचे छान आलेत पण ते ऐकणं येत नाहीये अजून. प्रॉब्लेम असा की आत उजेड फार कमी, एकच खिडकी आणि वर ट्यूब, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) 3200 पर्यंत वाढवला तरी शटर सेकंदाच्या 1/60 पेक्षा वेगात जात नाही आणि रंग हिरवट येतात. अनघाताई, तुमचा हललेला हात सारखा आठवतो. लेन्स आणि वर्कशॉप दोन्ही कॅन्सल केलंय.

जुना_रोल
शाब्बास. ट्यूब बंद करू का असं चाचांना विचार, दिवसा खिडकीवर काम होत असेल तर ते हो म्हणतील, हिरवट रंग तिथेच जाईल. उजेड कमी होईल तर होऊ दे, 1/30 ला उतर, कोपर गुडघ्यावर टेकव आणि श्वास सोडून बटण दाब. तार छेडल्यावर ते ऐकायला थांबतात ना, तेव्हा माणूस आपसूक स्थिर होतो, तुझा क्षण तोच आहे. खिडकी त्यांच्या कानाच्या बाजूला येईल असा बस, समोर नको.

आणि आत्तापर्यंतच्यातले दोन प्रिंट काढून पुढच्या रविवारी चाचांना नेऊन दे. कुठला जवळ ठेवतात ते बघ आणि इथे लिही.

कृष्णाकाठ_२९
देतो काका. प्रिंट आजच टाकले.