गाडीने लेह, खार्दुंग ला, स्पिती: निघण्याआधी काय केलंत आणि काय राहून गेलं?

मंडळी, येत्या जूनच्या शेवटी आम्ही चौघं (मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि सासूबाई, वय ६६) पुण्याहून स्वतःच्या गाडीने लेहला निघतोय. गाडी पेट्रोलची, सहा वर्षं जुनी, ७१ हजार किलोमीटर झालेली. जाताना श्रीनगर-कारगिल, येताना मनालीमार्गे. खार्दुंग ला (ला म्हणजे खिंड) करायचाच, असा नवऱ्याचा हट्ट आहे. सासूबाई म्हणतात, "मी लेहला खोलीत विणत बसते, तुम्ही जाऊन या."

फ्रिजवर सध्या चार याद्या चिकटवल्यात. पण जाऊन आलेलं जो भेटतो तो सांगतो, की यादीत नसतं तेच रस्त्यात नडतं. म्हणून हा धागा. लेह, स्पिती, कुठलाही उंच डोंगर चालेल, फक्त स्वतःच्या चाकांवर गेलेला हवा. सल्ले यूट्यूबवर पोत्याने पडलेत, तुमच्यावर काय बेतलं ते लिहा.

आमच्या घराण्याचा उंचीचा अनुभव म्हणजे कळसूबाई, ५४०० फूट. लेहची बाजारपेठ तिच्या दुपटीहून उंचावर आहे, हे कळल्यापासून सासूबाईंचं विणकाम जोरात आहे.

पुणे, डिझेल एसयूव्ही, ऑगस्ट २०१९

तुम्ही श्रीनगरकडून चाललाय हे वाचून हायसं वाटलं. आम्ही उलटं केलं होतं.

तेव्हा अटल बोगदा झालेला नव्हता. पहाटे साडेचारला मनाली सोडलं. रोहतांगच्या रांगेत तीन तास गेले, पुढे केलाँग, दारचा, बारालाचा ला. संध्याकाळी सरचूच्या तंबूत. गाडी अप्रतिम चालली. गाडीची तयारी मी चार महिने करत होतो, नवे टायर, नवी बॅटरी, सगळं. आमची तयारी मात्र शून्य. मनाली ६७०० फूट, सरचू १४,०००. एका दिवसात सात हजार फूट चढून तिथेच झोपायचं, याचा अर्थ काय होतो ते रात्री अकराला कळलं.

बायकोला उलट्या सुरू झाल्या. माझं डोकं कुणीतरी पकडीत आवळल्यासारखं. मेहुणा मात्र गप्प पडून होता, म्हणून आम्हाला वाटलं तो बरा आहे. एक वाजता तो उठून बसला आणि म्हणाला, "आपण कोल्हापुरात कधी पोचलो?" मी हसलो. पाच मिनिटांनी त्याने तेच पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. मग हसू आलं नाही.

आता खरी गोची सांगतो, जी नकाशा बघताना माझ्या लक्षात आली नव्हती. उंचीचा त्रास वाढला की औषध एकच, खाली उतरणं. पण सरचूहून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. मागे १६,००० फुटांचा बारालाचा, पुढे गाटा लूप्सची २१ वळणं आणि त्यावर नाकी ला, लाचुंग ला. सरचू म्हणजे दोन्हीकडून दार लावलेली खोली. तंबूवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर होता, तो मेहुण्याला लावला. अंधारात नाले ओलांडायची हिंमत नव्हती. फटफटल्याबरोबर मागे फिरलो, बारालाचा न थांबता पार केला आणि जिस्पाला (१०,५०० फूट) आलो. तिथे मेहुणा म्हणाला, "भूक लागली." इतकं सुंदर वाक्य मी आयुष्यात ऐकलेलं नाही. तरी केलाँगच्या दवाखान्यात दाखवलंच.

तीन रात्री जिस्पात काढून मग लेहला गेलो. त्यामुळे पँगाँग तलाव राहिला. चालतंय.

तर ताई, यादी काढताना शहरांची नावं लिहू नका, झोपायच्या जागेची उंची लिहा. श्रीनगर ५२००, सोनमर्ग ९०००, कारगिल ८८००, लेह ११,५००. हा जिना आहे. आम्ही चढलो ती भिंत होती.

नाशिक, स्वतःचं गॅरेज

दरवर्षी पाच-सहा गाड्या माझ्याकडून तयार होऊन लडाखला जातात. मी स्वतः दोनदा गेलोय.

लोक येतात आणि म्हणतात, "इंजिन बघा." इंजिनाला काही होत नसतं हो. मी आधी रेडिएटरचं झाकण उघडतो, अर्थात इंजिन गार असताना. आपल्याकडे निम्म्या गाड्यांत कूलंट संपलं की नळाचं पाणी ओततात, आणि महाराष्ट्रात ते लगेच अंगाशी येतही नाही. एक गिऱ्हाईक असंच पाणी घेऊन सप्टेंबरअखेर गेलं. सरचूला रात्री पाणी गोठलं आणि रेडिएटर तडकला. गाडी ट्रकवर घालून मनालीला आणली. त्या पैशात दोन नवे रेडिएटर आले असते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, उणे तीसपर्यंत काळजी नको.

दुसरं ब्रेक ऑइल. दोन वर्षांत बदललं नसेल तर बदला. ते हवेतली ओल पितं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पेडल खाली बसतं. आणि उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणाऱ्यांना मी सरळ सांगतो, पेट्रोल वाचवायचं असेल तर घरी थांबा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

तुमची पेट्रोल गाडी टर्बो नसेल तर एक ऐका. खार्दुंग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. इंजिनाला श्वास निम्मा, म्हणून ताकदही साधारण निम्मीच. चौघं, सामान, वर कॅरिअर. गाडी 'उचलत' नाही म्हणून माणूस अर्धा क्लच दाबून रेस करतो आणि दहा मिनिटांत क्लचप्लेटचा करपल्याचा वास येतो. गाडी बिघडलेली नाही, तिला धाप लागलीय. एसी बंद, पहिला गिअर, पाय क्लचवरून पूर्ण काढलेला. चढावर थांबावं लागलं तर हँडब्रेक लावा, गाडी क्लचवर तोलू नका.

टायरमध्ये नेहमीची हवा भरा. वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी झाल्याने मीटर जास्त दाखवतो, ते बघून घाबरून हवा काढणारे पाहिलेत. तोच टायर घेऊन परत खाली यायचंय. आणि स्टेपनी. दहातल्या सात गाड्यांची स्टेपनी मी उघडतो तेव्हा भाकरीसारखी मऊ असते.

सांगली, डॉक्टर (आणि हौशी ड्रायव्हर)

थोडक्यात लिहितो. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) हा शब्द इथे येणारच, म्हणून आधीच सांगतो. औषध चांगलं आहे, मी स्वतः घेतलं होतं, पण मित्राने सांगितलं म्हणून घ्यायचं नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. हे सगळं अपेक्षित आहे. सासूबाईंना बीपीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, धाग्यावरच्या डॉक्टरशी नव्हे.

कापराची पुरचुंडी सगळे नेतात. कापराने वास येतो, ऑक्सिजन येत नाही. हातात मावणारे ते ऑक्सिजनचे डबे काही मिनिटांत संपतात.

लेहला दोन रात्री पूर्ण काढल्याशिवाय वर जायचं नाही. पहिल्या दिवशी बाजारही नको. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही बंद. मग आधी नुब्रा खोरं, नंतर पँगाँग. कारण खार्दुंग ला नुसता ओलांडायचा असतो, पलीकडचं नुब्रातलं हुंडर लेहपेक्षा खाली, १०,००० फुटांवर आहे, झोप लागते. पँगाँगला १४,००० फुटांवर झोपायचंय.

मुलं 'डोकं दुखतंय' असं नेहमी म्हणत नाहीत, चिडचिड करतात. शंका आली की घरी करून बघता येईल अशी एक परीक्षा आहे: सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल जात असेल, किंवा नुसतं बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट बघू नका. खाली उतरा. वरच्या पुणेकरांचा मेहुणा थोडक्यात वाचला, हे त्यांना आवडणार नाही तरी लिहितो.

कोल्हापूर, वॅगनआर, स्पिती

होय, वॅगनआर. गॅरेजवाल्यांनी लिहिलंय तशीच धापा टाकत गेली आणि आली.

सिमल्याकडून हळूहळू चढलो. नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, काझा. त्यामुळे अंगाला काही झालं नाही. त्रास झाला तो पाण्याने. काझ्याहून कुंझुम ला ओलांडून मनालीकडे निघालो. कुंझुमला देवीच्या देवळाला गाडीने प्रदक्षिणा घालतात, तशी आम्हीही घातली, आणि तिथे चहा, फोटो करत दीड तास रमलो. तो दीड तास महागात पडला. वरचं बर्फ उन्हाने वितळतं, म्हणून सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्यावर येतो. बातलच्या पुढचे नाले पहाटेच पार करायचे असतात हे वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, इतकंच.

नवरा बूट काढून आधी पायी उतरला. पाणी इतकं थंड की बाहेर आल्यावर पाय लाल आणि बधिर. मधला दगड त्याला लागला नाही, गाडीला बरोबर सापडला. पुढचं चाक अडकलं आणि दारातून पाणी आत. मागून दोन ट्रकवाले आले, दोर घेऊन उतरले आणि म्हणाले, "हुक कहाँ है?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी नवऱ्याकडे. आठ वर्षं गाडी वापरतोय आणि दोर अडकवायचा हुक असतो कुठे हे दोघांनाही माहीत नाही! ट्रकवाल्यानेच बंपरवरचं चौकोनी झाकण नखाने उचकटलं. आत आटे होते, हुक नव्हता. हुक डिकीत स्टेपनीखाली, त्याच्यावर सगळं सामान, त्यावर माझ्या सासरचा स्टोव्ह. भर पाण्यात उभं राहून डिकी रिकामी केली. ट्रकवाल्यांनी पैसे घेतले नाहीत, लाडू घेतले.

गालिचा भिजला तो कोल्हापूर येईपर्यंत कुबट वास मारत होता. तेव्हा निघण्याआधी एकदा आपल्या सोसायटीत तो हुक लावून बघा. शेजारी हसतील.

ठाणे

माझा अनुभव लोणच्याचा आहे. आईने घरचं कैरीचं लोणचं प्लॅस्टिकच्या बरणीत गच्च भरून दिलं होतं. वर जाताना चिप्सची पाकिटं उशीसारखी फुगली, आम्ही व्हिडिओ काढले. बरणीकडे कुणाचं लक्ष नाही. लेहला मी ती मांडीवर घेऊन झाकण फिरवलं. तेल छतापर्यंत. आजही गाडीत ऊन आलं की मोहरीचा वास येतो. शांपू, सनस्क्रीन, लोणचं: अर्ध्याच बाटल्या भरा आणि वाटेत अधूनमधून झाकण सैल करा.

आणि भात शिजवायचा असेल तर कुकर न्या. पँगाँगला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तासभर उकळूनही शीत कच्चं राहिलं. भिजवलेले पोहे मात्र उंची मानत नाहीत.

डेन्व्हर, मूळची डोंबिवलीची

इथे कोलोरॅडोत पाइक्स पीक नावाचा १४,११५ फुटांचा डोंगर आहे, माथ्यापर्यंत डांबरी रस्ता. मुंबईहून आईबाबा आले की नेतोच. तयारी म्हणाल तर टाकी निम्मी भरलेली आणि पाणी. पण उतरताना ग्लेन कोव्हला रेंजर हात दाखवतो आणि बंदुकीसारखं यंत्र ब्रेककडे धरून तापमान बघतो. पहिल्या वेळी आमचे तापलेले निघाले. "बाजूला लावा, अर्धा तास थांबा." बाबांनी चाळीस वर्षं कसारा घाटात गाडी चालवलीय, त्यांना अपमान वाटला. दुसऱ्या वेळी सगळा उतार कमी गिअरमध्ये आले आणि रेंजरने न थांबवता सोडलं, तर बाबा खट्टू. म्हणे, "आकडा तरी सांगायचा!"

लडाखमध्ये कुणी ब्रेकचा ताप बघत नाही ना? मग आपणच अधूनमधून थांबायचं.

औरंगाबाद, दोनदा गेलो, एकदाच पोचलो

पहिल्यांदा झोजी लाच्या अलीकडे दरड कोसळली. सोनमर्गला दोन दिवस अडकलो आणि ऑफिसची रजा संपत आली म्हणून तिथूनच परत. दोन हजारांवर किलोमीटर जाऊन. दुसऱ्या खेपेला तीन दिवस कोरे ठेवले, तीनही वापरले गेले.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, निदान एकाकडे पोस्टपेड हवं. मनालीमार्गे परतताना लेह किंवा कारूला टाकी काठोकाठ भरा. केलाँगजवळच्या तांदीच्या पंपावरचा 'पुढचा पंप ३६५ किलोमीटर' हा फलक सगळे जाताना बघतात, पण तो येणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. आणि खार्दुंग लाच्या पिवळ्या फलकावर वर्षानुवर्षं लिहिलेले १८,३८० फूट ऐकून नवरोबा खूश होतील. मोजलेली उंची १७,५८२ आहे. तिथे सांगू नका, वीस मिनिटांत खाली उतरायचंय, वाद घालायला श्वास पुरत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणानंतर डॉक्टरांची परीक्षा घरात घेतली, फरशीच्या रेषेवर. सासूबाई दहा पावलं सरळ गेल्या आणि वळून परतही आल्या. लेकही गेली. नवऱ्याचा तोल सहाव्या पावलाला गेला, आणि आम्ही पुण्यातच होतो. तेव्हा लेहला खोलीत कोण बसणार, यावर आता नव्याने चर्चा सुरू आहे.

मग खाली जाऊन स्टेपनी काढली. हवा १४. हुक अजून सापडलेला नाही.