कमी वेगात गाडी लहरते, वेगात एकदम सरळ. नेमकं काय तपासू?

नमस्कार. माझी गाडी १५० सीसीची, सात वर्षं जुनी आहे. गेल्या महिन्यापासून एक त्रास सुरू झालाय आणि तो मला उलगडत नाहीये. ताशी ३५-४० च्या पुढे ती शांत चालते. पण वेग १५ च्या खाली आला, म्हणजे गर्दीत सरकताना किंवा गल्लीत वळताना, की लहरायला लागते. थोडी डावीकडे, मग थोडी उजवीकडे, आणि मी सतत हँडलशी झटत राहतो. मागे आई बसते. परवा यू-टर्न घेताना मला एकदम पाय टेकवावा लागला. तिने माझा खांदा गच्च धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. तेव्हापासून तिला मागे बसवायचा धीर होत नाही.

आतापर्यंत एवढं करून झालंय. टायर थंड असताना हवा बघितली, मॅन्युअलप्रमाणे पुढे २५ आणि मागे २९ पीएसआय आहे. चेनचा ताण बरोबर. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या घरावर आहेत. पुढचं चाक उचलून फिरवलं, ब्रेक चिकटत नाही. चाक वर-खाली धरून हलवलं, बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) नाही. मागचा टायर मधोमध थोडा सपाट झालाय, पण फार नाही.

एक प्रयोगही केला. कोरड्या सिमेंटवर बादलीभर पाणी ओतलं आणि त्यातून गाडी चालण्याच्या वेगाने सरळ नेली. मागे वळून पाहिलं तर पुढच्या चाकाची ओली रेघ दर दोन-तीन हातांवर मागच्या रेघेला ओलांडून जात होती. भावाकडे हेच मॉडेल आहे. त्याच्या गाडीवर मीच बसून तेच केलं, तिथे दोन्ही रेघा जवळपास एकमेकींवर होत्या. म्हणून दोष माझ्या चालवण्यात नसून गाडीत आहे असं वाटतंय. कुणाला असा अनुभव आहे का?

भटक्या:
त्रास सुरू व्हायच्या आधी गाडीचं काही काम झालं होतं का? अगदी किरकोळ असलं तरी सांगा. सपाट झालेला टायर गाडी कलवताना जाणवतो, आधी अडते आणि मग एकदम आत पडते. सरळ जाताना तो अशी नागमोड करत नाही. स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, बुश गेला असता तर वेगात वळणावर मागून गाडी हलल्यासारखी वाटली असती.

मूळ लेखक:
हो, हे लिहायचं राहिलंच. पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली टक असा आवाज यायचा म्हणून कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, बदलून घेतला होता. आवाज गेला, त्यामुळे तो विषय संपला असं मी धरून चाललो. तारखा जुळवल्या तर लहरणं त्याच आठवड्यात सुरू झालंय.

चाकोरी:
मग आधी तिथेच बघा. नवा कोनसेट जास्त आवळला गेला की हेच होतं. गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला पुढचं चाक किंचित वळतं आणि गाडी पुन्हा चाकांवर येते. तोल असाच राहतो. वेगात हे काम बरंचसं गाडी स्वतः करते, फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांचा) तिरपेपणा आणि फिरणारी चाकं मदतीला असतात. चालण्याच्या वेगात ती मदत फार थोडी उरते आणि सगळ्या बारीक दुरुस्त्या हातांवर येतात. कोनसेट घट्ट असेल तर ती बारीक हालचाल अडकते. तुम्ही जोर वाढवता, हँडल सुटतं आणि गरजेपेक्षा जास्त वळतं. मग दुसऱ्या बाजूला तेच. तुमच्या ओल्या रेघा हेच सांगतायत.

तपासायचं असं. गाडी मेन स्टँडवर घ्या, कुणाला तरी मागून दाबून धरायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. हँडल मधोमध आणा, एका बोटाने जरासं ढकला आणि सोडून द्या. ते आपल्या वजनाने शेवटपर्यंत जायला हवं, दोन्ही बाजूंना. वाटेत थांबलं तर घट्ट आहे. मात्र थांबतंय ते केबल किंवा वायरिंग ताणल्यामुळे नाही ना, हे बघून घ्या. मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं लागलं तर कोनसेटमधल्या गोळ्यांनी रेसवर, म्हणजे त्या ज्यावर फिरतात त्या कड्यांवर, खड्डे पाडलेत, तो नट सैल करून सुधारणार नाही. नंतर फोर्कची खालची टोकं धरून मागे-पुढे हलवा, टक लागली तर उलट ढिला आहे.

आणि कृपा करून चालत्या गाडीचं हँडल सोडून बघू नका.

भटक्या:
एक भर घालतो. सैल करताना वरच्या टीचे, म्हणजे हँडलखाली दोन्ही फोर्क धरणाऱ्या पट्टीचे, फोर्क आवळणारे बोल्ट आधी ढिले करायला सांगा. ते आवळलेले असताना कोनसेटचा ताण ठरवणारा आतला गोल नट फिरवला तरी फरक पडत नाही, कारण टी फोर्कला धरून बसलेली असते. शिवाय सगळ्यात वरचा मोठा नट आवळला की आतला नट खाली दाबला जातो आणि बरोबर बसवलेला कोनसेट पुन्हा जड होतो. त्यामुळे सगळं आवळून झाल्यावर परत एकदा बोटाने ढकलून बघाच.

मूळ लेखक:
दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी बोट लावून सोडलं. हँडल दोन बोटं सरकलं आणि तिथेच थांबलं, दोन्ही बाजूंना तसंच. केबल मोकळ्या होत्या.

आज दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो आणि समोर उभा राहिलो. वरच्या टीचे बोल्ट ढिले केले, आतला नट जेमतेम आठवा हिस्सा मागे फिरवला आणि हँडल मोकळं झालं. वरचा नट आवळला तर भटक्या म्हणाले तसंच, पुन्हा जड. मी थांबवलं नसतं तर गाडी तशीच हातात मिळाली असती. परत उघडून आतला नट आणखी थोडा मागे घेतला. सगळं आवळल्यावर बोट लावलं आणि हँडल अलगद शेवटपर्यंत गेलं. पुढचा ब्रेक धरून गाडी ढकलून पाहिली, टक नाही.

घरी येऊन पाण्याचा प्रयोग पुन्हा केला, रेघा आता भावाच्या गाडीसारख्या आहेत. आईला मागे बसवून एक चक्कर मारली, यू-टर्नसकट. तिचा हात खांद्यावर होता, पण नुसता ठेवलेला.

एकच विचारायचंय, आता हे असंच राहील की परत बघावं लागेल?

चाकोरी:
आईंना मागे बसवलंत हे वाचून फार बरं वाटलं. नव्या रेस सुरुवातीला आणखी थोड्या आत बसतात, तेव्हा कोनसेट किंचित ढिला होऊ शकतो. पाचशेएक किलोमीटर झाल्यावर चाक उचलून दोन्ही चाचण्या पुन्हा करा. त्याआधी ब्रेकला टक ऐकू आली तर तेवढंही थांबू नका.