संकटातच देव आठवतो, हे स्वार्थीपणाचे आहे का?

प्रश्न (लालबाग)
मेंदूतील रक्तस्रावामुळे माझे वडील परळच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहेत. दर मंगळवारी सिद्धिविनायकाला जाण्याचा त्यांचा नेम. मी मात्र मोठी झाल्यापासून मनापासून कधी हात जोडले नाहीत. आता विभागाबाहेरच्या बाकावर औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन बसले की लहानपणी पाठ केलेली रामरक्षा आपोआप ओठांवर येते, मध्येच अडखळते आणि मी पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागते. सुखात ज्याला विसरले, त्याच्याकडे गरज पडताच मागणे मागायचे, याची मनाला बोच लागते. आत्या नवस बोल म्हणते आहे. बोलावा का?

उत्तर (दादर)
ताई, ही बोच प्रथम बाजूला ठेवावी. गीतेच्या सातव्या अध्यायात, 16 व्या श्लोकात, भगवंताने आपल्याला भजणारे चार प्रकारचे लोक सांगितले आहेत, आणि त्यांत पहिले नाव आर्ताचे, म्हणजे पीडेने गांजलेल्याचे आहे. ज्ञानी भक्त त्याला सर्वांत प्रिय आहे हे खरे. पण पुढे दोनच श्लोकांनंतर तो या चौघांनाही उदारच म्हणतो. संकटात हाक मारणाऱ्याला तेथे कोणी दाराबाहेर उभे केलेले नाही. तुकोबांचेही पाहा. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे द्रव्य आटले, मान गेला, पत्नी अन्न अन्न करीत गेली. त्या दुःखातूनच ते विठ्ठलाच्या भंगलेल्या देवळाच्या कामाला लागले. पुढे देवाशी ते भांडलेसुद्धा. तेव्हा मनात राग असेल तर तोही त्याच्यापुढे मांडायला हरकत नाही.

उत्तर (गिरगाव)
नवसाविषयी मात्र मी कळकळीने सांगते, की या घटकेला बोलू नये. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात आम्ही नवस बोललो होतो. त्या गेल्या, आणि नवस बोलण्यातच आपले काही चुकले असावे, हा सल माझ्या यजमानांच्या मनात कितीतरी वर्षे राहिला. आजाराचा निकाल रक्तस्राव कोठे व किती झाला, उपचार किती लवकर मिळाले, यांवर पुष्कळसा अवलंबून असतो. त्याचे ओझे मुलीच्या शब्दावर टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे. वडील बरे व्हावेत, हे मागणे अवश्य मागावे, पण त्याला अट जोडू नये. आत्यांना दुखवायचे नसेल, तर बाबा घरी आल्यावर आपण सगळे मिळून दर्शनाला जाऊ, एवढेच सांगावे.

उत्तर (माहीम)
आमच्याकडे सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेनाला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, सर्व धर्मांचे लोक येतात आणि त्यांतले कित्येकजण आपले मागणे चिठ्ठीवर लिहून देतात. त्यांतले बहुतेक अडचणीतच प्रथम आलेले असतात आणि त्यांना कोणी त्याचा जाब विचारत नाही. आपणही मनातले कागदावर लिहून पाहा. त्याच कागदाच्या मागे डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवा, कारण भेटीच्या त्या चार मिनिटांत काहीही आठवत नाही. रात्री बाकावर आळीपाळीने बसायला घरचे कोणी आहे ना?