शब्दचर्चा : 'परफेक्ट अल्बम'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

पाटीपेन्सिल
संगीतावरच्या मराठी लेखांत 'परफेक्ट अल्बम' हा प्रयोग आता रुळला आहे. त्याऐवजी कोणी 'परिपूर्ण' लिहितं, कोणी 'निर्दोष', कोणी 'सर्वांगसुंदर'. जीव टाकणारे श्रोते एखाद्या अल्बमला परफेक्ट म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात तीन-चार ठरावीक गोष्टी असतात. एकही गाणं ओलांडून पुढे जावंसं वाटत नाही, गाण्यांचा क्रम बदलावासा वाटत नाही, अल्बम हवा तिथे संपतो आणि शंभराव्यांदा ऐकतानाही कंटाळा येत नाही. हे सगळं पेलणारा शब्द आपल्याकडे आहे का? एकच शब्द हवा असा हट्ट नाही. कुठला शब्द कुठे चालेल आणि कुठे चालणार नाही, एवढं तरी ठरवू या.

सुईधार
'निर्दोष' आधी बाजूला ठेवा. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) घ्या. अनेक जाणकारांच्या यादीत तो सर्वांत वर असतो. पण त्याच्या पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मुद्रित होताना मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे योग्य वेगाच्या यंत्रावर ती टेप लावली की स्वर थोडे चढे येतात. तबकडी तशीच निघाली. त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या यंत्रावरच्या राखीव टेपवरून ही चूक दुरुस्त झाली ती १९९२च्या आवृत्तीत. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ लोक ज्याला परफेक्ट म्हणत होते त्यात उघड दोष होता, आणि तबकडीसोबत वाद्य वाजवू पाहणाऱ्यांना तो कळतही होता. पण म्हणून अल्बमची पायरी खाली आली नाही. दोष नसणं ही श्रोत्यांची कसोटीच नाही.

'परिपूर्ण'ची अडचण वेगळी. त्यात 'काही उणं नाही, सगळं आलं' असा अर्थ आहे. तो समग्र संचाला शोभतो. एखाद्या गायकाची सगळी ध्वनिमुद्रणं एका पेटीत आली तर तो परिपूर्ण संच. अल्बम पुष्कळदा काय वगळलं यावर उभा राहतो. फ्लीटवुड मॅक या रॉक बँडच्या 'रूमर्स'मधून (१९७७) 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे सुंदर गाणं वगळलं गेलं, कारण तबकडीच्या बाजूवर तेवढी जागा नव्हती. ते एका सुट्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेलं. चाहते त्या गाण्यासाठी आजही हळहळतात आणि त्याच दमात अल्बमला परफेक्ट म्हणतात. 'परिपूर्ण' शब्दात ही दोन्ही विधानं एकत्र बसत नाहीत.

खर्जातला
मराठी कानाला सगळ्यात जवळचं आहे 'जमून आलेला'. मैफल जमते, गाणं जमतं, भट्टी जमते. 'अल्बम फार जमून आलाय' हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. त्यात कर्ता मागे राहतो, हेही बरोबर आहे. गायक, संगीतकार, वादक, ध्वनिमुद्रक यांतल्या एकाच्याच पदरात श्रेय टाकता येत नाही.

मात्र रूप बदललं की अर्थ पालटतो, तेवढं सांभाळा. 'जमून आलेला अल्बम' ही प्रशंसा, 'जमवलेला अल्बम' म्हणजे इकडून तिकडून गाणी गोळा केलेला. 'निवडक', 'सदाबहार' अशा नावांनी निघतात ते जमवलेले. त्यातलं प्रत्येक गाणं उत्तम असू शकतं, पण पाचव्या गाण्यानंतर सहावंच का, याचं उत्तर तिथे नसतं.

ओवीकार
'जमून येणे'त योगायोगाचा वास आहे. त्या संध्याकाळी हवा, श्रोते, साथ सगळं जुळलं आणि मैफल जमली. अल्बमचं तसं नसतं. गाणी मुद्रित झाल्यावरही कुठलं ठेवायचं, कुठलं कुठे, दोघांमध्ये किती सेकंद शांतता, हे कोणीतरी बसून ठरवतं. म्हणून मला 'बांधेसूद' जास्त पटतो. शरीराला, कथेला, गायकीला आपण तो लावतोच. 'बंदिश'ही बांधण्यातूनच आलेली. 'अल्बमची बांधणी' म्हटलं की चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

सुईधार
बांधणीत काय काय येतं ते सांगतो, कारण यातले बरेच नियम सौंदर्याआधी यंत्राने घालून दिलेत.

'अल्बम' हे नावच बांधणीतून आलं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची. मोठी रचना चार-पाच तबकड्यांवर पसरली की त्या कागदी पाकिटांत घालून फोटोंच्या वहीसारख्या बांधत. १९४८मध्ये कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं आली आणि वही गेली, नाव मात्र राहिलं. जुने चाहते चाळीस-पंचेचाळीस मिनिटांना अल्बमची 'खरी लांबी' मानतात ती इथून आली.

वेळ वाढवता येतो, पण किंमत मोजून. आवाज मोठा आणि खर्ज भरपूर असेल तर तबकडीवर कोरलेली खाच रुंद वळणं घेते आणि जागा खाते. एका बाजूवर तीस मिनिटं कोंबायची तर आवाज खाली आणावा लागतो, मग पार्श्वभूमीची खरखर वर येते.

दुसरी गोष्ट खाचेच्या वेगाची. तबकडीचे फेरे ठरलेले, पण परीघ आत आत लहान होत जातो. बारा इंची तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, शेवटाकडे जेमतेम २१. तेवढेच बारकावे निम्म्याहून कमी लांबीत कोरायचे म्हटल्यावर आतल्या भागात 'स', 'श' फाटतात, झांजा चरचरतात. म्हणून जोरकस गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि मंद, थोड्या वाद्यांची गाणी शेवटाला ठेवायचा रिवाज पडला. पहिली बाजू हळुवार विझावी, उठून तबकडी उलटावी आणि दुसरी बाजू नव्या जोमाने सुरू व्हावी, हा घाट श्रोत्यांच्या कानात इतका मुरला की सीडीवर खाच नसतानाही सहाव्या-सातव्या गाण्यापाशी लोकांना 'दुसरी सुरुवात' हवीशी वाटते.

कॅसेटने या घाटाला धक्का दिला. दोन बाजू असमान असल्या तर छोट्या बाजूच्या शेवटी कोरी फीत फिरत राहते. ते टाळायला कंपन्या एखादं गाणं या बाजूचं त्या बाजूला हलवत. त्यामुळे एकाच अल्बमचे दोन क्रम बाजारात असत, आणि ज्याने जो आधी ऐकला त्याला तोच खरा वाटे. मूळ क्रम कुठला हे ठरवायचं तर पहिल्या तबकडीच्या मधल्या लेबलवर बघावं.

पाटीपेन्सिल
इथे एक टीप. 'ट्रॅकलिस्ट'साठी काही ठिकाणी 'गाण्यांची क्रमवारी' छापलेलं दिसतं. क्रमवारी म्हणजे गुणानुसार पहिला, दुसरा, तिसरा. इथे 'गाण्यांचा क्रम' किंवा 'अनुक्रम' हवं.

खर्जातला
क्रमाचं माझ्या मते सर्वांत चोख उदाहरण आपल्याकडचं आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७). संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा, तबल्याला माणिकराव पोपटकर. कल्पना अशी की काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस. अहीर भैरव आणि नट भैरवाने सकाळ, मग पिलू, भूपाने संध्याकाळ, देसाने रात्र आणि शेवटी पहाडी. रागांच्या वेळा इथे सजावटीसाठी नाहीत, सगळा क्रम त्यांच्यावर उभा आहे. शफल लावून देसानंतर अहीर भैरव आला तर स्वर सगळे तेच, वादन तेच, पण दिवस मोडला. ज्यांना रागांची नावं माहीत नाहीत त्यांनाही काहीतरी बिनसल्याचं जाणवतं. हे जाणवणं म्हणजेच बांधणी.

तानपुरी
दोन गाण्यांच्या सांध्याबद्दल थोडं. 'बांधेसूद' अल्बममध्ये तीन गोष्टी तपासाव्यात : षड्ज (गाण्याचा 'सा'), लय, शांतता. आधीचं गाणं काळी एक या पट्टीत संपलं आणि पुढचं तिच्या लगतच्या खालच्या पांढरी एकमध्ये अर्ध्या सेकंदात सुरू झालं, तर नवा षड्ज क्षणभर उतरलेला, बेसूर वाटतो, कारण कानात जुना अजून घुमतोय. तीन-चार सेकंद दिले की कान मोकळा होतो. षड्ज-पंचमाचं नातं असेल तर एका सेकंदातही सांधा बसतो. लयीचं उलटं आहे. सारख्या लयीची तीन गाणी ओळीने आली की प्रत्येक चांगलं असूनही तिसरं लांबलेलं वाटतं. अशा वेळी दोष गाण्यात शोधतात, तो असतो शेजारात.

आणि शांतता सगळीकडे सारखी ठेवू नये. घरी सीडी लिहिताना सॉफ्टवेअर आपोआप दोन-दोन सेकंद घालतं. मूळ अल्बममधलं एक गाणं दुसऱ्यात मिसळत असेल तर त्या दोन सेकंदांनी खड्डा पडतो. 'डिस्क ॲट वन्स' (सगळी सीडी एका दमात लिहिण्याचा पर्याय) निवडून अंतर शून्य करावं.

ओवीकार
'फिलर'ला आपल्याकडे तयार शब्द आहे : 'भरती'. भरतीचं गाणं, भरतीचा मजकूर. प्रमाण फारच झालं की 'भरताड'. सीडीवर ७४ मिनिटं मिळाल्यावर भरती वाढली हे चाहत्यांचं दुखणं खरंच आहे. जागा आहे म्हणून भरलं की चाळीस मिनिटांचा घट्ट अल्बम सत्तर मिनिटांचा सैल होतो.

पण छोट्या तुकड्याला सरसकट भरती म्हणू नये. चाळीस सेकंदांचं नुसतं वाद्यवादन पुष्कळदा 'जोड' असतं. तो तुकडा काढून आधीचं आणि नंतरचं गाणं लागोपाठ ऐकावं. ती एकमेकांवर आदळली तर ती जोड होती. काहीच फरक पडला नाही तर भरती.

मराठीत ही जोड शब्दांनीही होते. 'शिवकल्याण राजा' (१९७४) बघा. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या वर्षी निघालेला अल्बम. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, लता मंगेशकरांचा आवाज, आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज असे तीन शतकांच्या अंतरावरचे कवी, मराठी आणि ब्रज अशा दोन भाषा. हे सगळं एका सुतात येतं ते निवेदनामुळे. तिथे निवेदन ओलांडून गाण्यावर जाणं म्हणजे अल्बमचा कणा काढणं. अशा अल्बमला मी 'एकसंध' म्हणेन. 'एकजीव' नाही, कारण एकजीवमध्ये घटक विरघळतात आणि ओळखू येत नाहीत. एकसंधमध्ये सांधे असतात, पण फट नसते.

सुईधार
आणि 'सलग' हा ऐकण्याच्या क्रियेचा शब्द. 'सलग ऐकण्याजोगा अल्बम'. यात एक तांत्रिक खोच आहे. एमपीथ्रीमध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या ठरलेल्या चौकटींत बसवतात, म्हणजे सीडीच्या दर्जाला एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. गाणं नेमकं चौकटीच्या काठावर क्वचितच संपतं, उरलेल्या जागेत शांतता भरली जाते, सुरुवातीलाही थोडी पडते. प्लेअरने ती कापली नाही तर जोडलेल्या गाण्यांमध्ये खट्कन उचकी येते. पिंक फ्लॉइड या बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) असा ऐकला तर लगेच कळतं, कारण त्याच्या एका बाजूवरची गाणी एकमेकांत वाहतात. फ्लॅक या आवाज न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात ही भानगड नाही.

ॲपमध्ये तीन गोष्टी बघाव्यात. शफल बंद. क्रॉसफेड (एक गाणं विझताना पुढचं त्यात मिसळणारी सोय) शून्यावर, नाहीतर संगीतकाराने ठेवलेली शांतताच खाल्ली जाते. आवाज समान करणारी सोय वापरायची तर ती 'गाण्यानुसार' नको, 'अल्बमनुसार' हवी. गाण्यानुसार ठेवली की मुद्दाम हळू ठेवलेलं गाणंही शेजाऱ्याइतकं मोठं होतं आणि चढउतार सपाट होतो.

तानपुरी
'अवीट' राहिला. तो बांधणीचा नाही, टिकण्याचा शब्द. वीट येत नाही तो अवीट. एकेका गाण्याला तो सहज लागतो, अल्बमला जपून लावावा. बांधेसूद अल्बमचाही वीट येऊ शकतो, आणि हळू-मोठ्यातला फरक दाबून आवाज सतत मोठा ठेवलेला असेल तर लवकर येतो. मेटॅलिका या बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक'बद्दल (२००८) चाहत्यांची तक्रार हीच होती. तीच गाणी 'गिटार हीरो' या खेळात कमी दाबलेली आली होती, तेव्हा लोकांनी दोन्ही लावून फरक दाखवला. गाणी आवडूनही कान थकतात, अशा अल्बमला 'ठासलेला' म्हणता येईल.

पाटीपेन्सिल
म्हणजे नोंद अशी करू. रचनेबद्दल बोलताना 'बांधेसूद', वेगवेगळे घटक जोडून एक झाले असतील तर 'एकसंध', एकूण पसंती सांगायची तर 'जमून आलेला', पुन्हापुन्हा ऐकण्याबद्दल 'अवीट'. 'परिपूर्ण' समग्र संचासाठी राखून ठेवू. लिंगाबद्दल विचारणा होते म्हणून : तो अल्बम, ती कॅसेट, ती सीडी, ती तबकडी. अनेकवचनी 'अल्बम'च, 'अल्बम्स' नको.

एक राहिलं. नव्या आवृत्तीत मागे जोडलेल्या 'बोनस ट्रॅक्स'ना काय म्हणायचं? 'जादा गाणी' वर्तमानपत्री वाटतं.

खर्जातला
'पुरवणी' म्हणा. पुरवणी ग्रंथाला असते, ग्रंथाचा भाग नसते, तेच नातं इथे आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली'च्या नंतरच्या सीडींमध्येही मूळ रागांमागे आणखी वादनं जोडलेली आहेत. वादनं चांगलीच आहेत, पण मेंढपाळाचा दिवस पहाडीला संपलेला असतो. फाइली ठेवताना पुरवणीचं वेगळं फोल्डर करावं आणि मूळ अल्बम पहाडीवर थांबू द्यावा.