मदत हवी आहे: रायफलचं चेंबर प्रेशर बाहेरून स्ट्रेन गेजने मोजायचंय, कॅलिब्रेशन कसं करू?

नमस्कार मंडळी,

माझं काम प्रेशर व्हेसलवर स्ट्रेन गेज (धातू किती ताणला ते विद्युत रोधातल्या बदलावरून दाखवणारी चिकटपट्टी) लावायचं, त्यामुळे गेज चिकटवणं, ब्रिज (रोधातला बदल व्होल्टेजमध्ये दाखवणारं सर्किट) बॅलन्स करणं यात काही अडत नाही. अडलंय ते पुढे. एका नेमबाज मित्राची .३०८ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट अॅक्शन रायफल आहे आणि त्याला वेगवेगळ्या फॅक्टरी काडतुसांचं प्रेशर शेजारी शेजारी ठेवून बघायचंय. लॅबमध्ये टेस्ट बॅरलला भोक पाडून पिएझो सेन्सर बसवतात, पण स्वतःच्या चांगल्या रायफलला भोक कोण पाडू देईल, तो नाहीच म्हणाला आणि मलाही ते पटलं. जुनी तांब्याची नळकांडी चेपून मोजायची क्रशर पद्धतही त्याच कारणाने बाद.

म्हणून चेंबरवर (बॅरलमध्ये काडतूस बसतं तो भाग) बाहेरून ३५० ओहमचा गेज, परिघाच्या दिशेने. चेंबर १२ मिमी, त्या जागी बॅरल बाहेरून ३० मिमी धरलं, तर जाड भिंतीच्या नळीच्या सूत्राने ६२,००० पीएसआयला (४२७ मेगापास्कल) साधारण ८१० मायक्रोस्ट्रेन (लांबीच्या दशलक्षांशात मोजलेला ताण) येतात. ब्रिजला ५ व्होल्ट दिले तर जेमतेम २ मिलिव्होल्ट. अॅम्प्लिफायर लागणारच, पण सगळा खेळ एक-दीड मिलिसेकंदात संपतो. वजनकाट्यात वापरतात तो एचएक्स७११ चिप घे असं बरेच जण सुचवतात, तो सेकंदाला जास्तीत जास्त ८० रीडिंग देतो म्हणजे दोन रीडिंगच्या मध्ये गोळी केव्हाच निघून गेलेली असेल. मी आयएनए१२८ हा अॅम्प्लिफायर घेतोय, गेन (किती पट वाढवायचं ते) १०० ला ठेवून (१००० ला त्याची बँडविड्थ २० किलोहर्ट्झवर येते, म्हणजे तो मंदावतो, ते नको), पुढे ऑसिलोस्कोप.

खरा प्रश्न कॅलिब्रेशनचा. सामीच्या (SAAMI, काडतुसांची मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) यादीत .३०८ ला कमाल ६२,००० पीएसआय आहे आणि जुन्या क्रशर मापात ५२,००० सीयूपी (तांब्याच्या चेपण्यावरून काढलेलं प्रेशरचं एकक). मला वाटलं एक गुणक काढून जुने आकडे पण वापरता येतील, तर .२२३ रेमिंग्टनला सुद्धा ५२,००० सीयूपी आणि पीएसआय मात्र ५५,०००! म्हणजे गुणक असा नाहीच. मग फॅक्टरी काडतूस झाडून जो पीक येईल त्यालाच ६२,००० म्हणायचं का? का नुसत्या सूत्रावर भरवसा ठेवायचा?

प्रतिसाद:

फॅक्टरी काडतुसाला ६२,००० अजिबात म्हणू नका. ती सरासरीची कमाल मर्यादा आहे, डब्यातली काडतुसं बहुतेक वेळा तिच्या खालीच असतात, किती खाली ते डब्यावर लिहिलेलं नसतं. लॅब यासाठी लॉटनिहाय (उत्पादनाच्या एकेका खेपेनुसार) प्रेशर मोजलेली रेफरन्स काडतुसं वापरतात, ती मिळाली तरच तुमच्या आकड्याला पीएसआय म्हणण्यात अर्थ.

सूत्रातही एक गोष्ट सुटलीय, काडतुसाची पितळी केस. चेंबरमध्ये ती थोडी सैल असते, आधी ती फुगून भिंतीला टेकते आणि मगच बॅरलला ताण कळतो, तेवढं प्रेशर तुमच्या गेजला दिसतच नाही. ही वजाबाकी आहे, टक्केवारी नाही, त्यामुळे एकाच रेफरन्सवर कॅलिब्रेट केलंत तर दुसऱ्या प्रेशरला आकडा सरकणार. दोन वेगळ्या प्रेशरची काडतुसं हवीत, एकाने उतार कळत नाही. तोवर मायक्रोस्ट्रेनमध्येच लिहा. तीच रायफल, तोच गेज, त्याच मेकची केस, तर तुलना अगदी नीट होते, आणि मित्राला हवीय तीच ना?

धागाकर्ता:

हो, तुलनाच हवीय, आभार. म्हणजे आलेख मायक्रोस्ट्रेनमध्ये आणि पीएसआयची पट्टी सध्या कोरी. आता फक्त जागेचं सांगा, रिसीव्हरची रिंग (बॅरल ज्यात बसतं ती जाड कडी) चेंबरचा मागचा भाग झाकतेय, त्यामुळे गेज पुढे केसच्या खांद्याच्या (केस जिथे निमुळती होते तो भाग) जवळ जातोय. केसच्या सरळ अंगावर राहील एवढी जागा दिसते पण ३ मिमीचा गेज लावला तर अगदी कडेला येतो. तिथे रिंगच्या जाडीमुळे स्ट्रेन कमी दिसेल का, की आणखी लहान गेज शोधू?